तिला जागा तरी दिसली

प्लेगच्या दुसऱ्या वर्षी आमची ठाण्याची शाळा बंद पडली. मुलं आपापल्या गावी पांगली, वर्गांना चुना मारला, आणि आठवडाभर शिकवणारा व रविवारी मंडळीपुढे बोलणारा असा मी एकाएकी रिकामा झालो. आमच्या चर्चचे पाळक तेव्हा सत्तरीला टेकले होते. त्यांनी मला घरी बोलावलं.

"कल्याणला खाडीच्या अंगाला छावणी घातली आहे," ते म्हणाले. "ज्यांच्या घरात गाठीचा ताप निघाला त्यांना तिथे आणून ठेवतात. त्यांच्याशी दोन शब्द बोलायला कोणी नाही. तुम्ही जा."

"जाऊन काय बोलू?"

"आपण बोलतो तेच. प्रभूच्या दुःखाचं सांगा. त्या दुःखापुढे माणसाला आपलं दुःख हलकं वाटतं."

मी हो म्हटलं. नाही म्हणायला अंगात जोर लागतो, आणि तो माझ्यात उरला नव्हता. आदल्या दिवाळीच्या सुमारास आमची मुलगी गेली होती. सहा वर्षांची, एकुलती एक. प्लेगनं नव्हे, साध्या तापानं. त्या वेळीही पाळकांनी हेच सांगितलं होतं, अगदी मनापासून, डोळ्यांत पाणी आणून, की देवानंही आपला पुत्र दिला. मी मान हलवली होती. बायकोनं हलवली नाही. त्या दिवसापासून ती घरात कामापुरतं बोलायची. मीठ संपलंय, पाणी तापलंय, दार ओढून घ्या, एवढंच.

मी कल्याणला जाणार असं सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "परत कधी?"

"डॉक्टर सोडतील तेव्हा."

"बरं," ती म्हणाली आणि दोन धोतरं घडी करून माझ्या पिशवीत घातली.

छावणी म्हणजे भाताच्या उघड्या शेतांत उभ्या केलेल्या माडाच्या झापांच्या झोपड्या. भोवती काटेरी कुंपण, दारावर शिपाई. कुंपणाच्या पलीकडे, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर, आजाऱ्यांच्या लांबट झोपड्या. घरातलं आजारी माणूस तिकडे आणि बाकीचे इकडे. इकडच्यांनी तिकडे जायचं नाही, तिकडचं माणूस बरं झाल्याशिवाय इकडे यायचं नाही. सगळीकडे फिनेलचा वास. भाकरीला, पाण्याला, शेवटी शेवटी माझ्या पुस्तकाच्या पानांनाही तो लागला.

मला दोन्हीकडे जायची परवानगी होती, म्हणून प्रवचनांऐवजी निरोपांचंच काम जास्त पडलं. नवऱ्याचा बायकोला, बापाचा लेकीला. त्याखेरीज पाणी वाहून आणायचं, कपडे उकळायचे, कोणी थकून बसलं असेल त्याच्याजवळ बसायचं. संध्याकाळ झाली की थोडं वाचायचो. चारपाच माणसं जमायची, ऐकायची, उठून जायची. माझं त्यांना काय कळत होतं कोण जाणे. मलाच माझा आवाज दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा ऐकू यायचा.

तिथे एक बाई होती. दिवा गावापलीकडच्या मिठागरांतली, आगरी. पन्नाशीची असेल. उन्हानं रापलेली, हातापायांना मिठानं पडलेल्या भेगा. नवरा फार पूर्वी गेलेला. एक मुलगा होता, मिठाच्या होडीवर काम करणारा, पंचविशीतला. त्याच्या काखेत गाठ आली तेव्हा गावच्या पाटलानं वर्दी दिली आणि दोघांना गाडीत घालून इथे आणलं. त्याला पलीकडे नेलं, हिला अलीकडे ठेवलं.

ती दिवसभर कुंपणापाशी बसायची. मी पलीकडून आलो की उठायची.

"मास्तर, बगितला का त्याला?"

"पाहिला, मावशी."

"पानी पिला?"

"पिला. थोडी पेजही घेतली."

"कनच्या अंगावर निजलाय?"

"डाव्या."

"त्याला उजव्यावर झोप लागते," ती म्हणायची. "सांगा त्यांना."

मी जाऊन सांगायचो. तिथला माणूस माझ्याकडे बघायचा आणि पुढच्या खाटेकडे जायचा. मग मीच त्या पोराला कूस पालटून द्यायचो. अंग भट्टीसारखं. तो शुद्धीवर असला की विचारायचा, "आय काय करतेय?" मी सांगायचो, कुंपणापाशी बसलीय. तो डोळे मिटून घ्यायचा. एवढंच आमचं बोलणं. त्याला प्रभूचं काही सांगावं असं मला एकदाही सुचलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा ती खाट रिकामी होती आणि तिच्यावर चुना टाकलेला होता. पहाटे गेला, असं कळलं. गाडी येऊन गेलीसुद्धा. त्या दिवसांत प्रेतं फार वेळ ठेवत नसत. जातीची माणसं बोलवायची म्हटली तरी भीतीनं कोणी येत नव्हतं.

तिला सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी कुंपणापाशी गेलो. ती उठली आणि नेहमीसारखं विचारायला तोंड उघडलं. मग माझ्या तोंडाकडे बघून तिनं ते मिटलं.

"कवा?" एवढंच तिनं विचारलं.

"पहाटे."

"मना दाखवा."

"नेलं त्याला, मावशी."

"कुनी नेलं? कुठं?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. ती रडली नाही. झोपडीत गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. बाकीच्या बाया तिच्याजवळ जाऊन थोडा वेळ रडल्या, पण त्या प्रत्येकीचं कोणी ना कोणी पलीकडे पडलेलं होतं. त्या परत आपापल्या जागी गेल्या.

दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या झोपडीच्या दारात बसलो. पाळकांनी ज्यासाठी पाठवलं होतं ते निदान एकदा तरी करावं म्हणून मी तिला सांगू लागलो. पुस्तक न उघडता, साध्या शब्दांत. एक चांगला माणूस होता, देवाकडून आलेला. कोणाचं वाईट न केलेला. त्याला पकडलं, मारलं, लाकडाला खिळलं. तहान लागली तर पाण्याऐवजी आंबलेला रस दिला.

ती ऐकत होती. मधेच म्हणाली, "किती येळ लागला त्याला?"

"सकाळपासून दुपार टळेपर्यंत."

"माज्या पोराला पाच दिस लागले," ती म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे. एखादी बाई दुसरीला आपल्या बाळंतपणाचं सांगते तसं.

मग तिनंच विचारलं, "त्याला आय व्हती?"

"होती. ती तिथेच होती, जवळ उभी."

"तिला कुनी हाकलली नाय?"

"नाही. तो वरून तिच्याशी बोलला. आपल्या एका मित्राला सांगितलं, हिला आई म्हण, सांभाळ."

"बोलला?" तिनं थोडा वेळ ते मनात ठेवलं. "आनि मंग कुनी नेला त्याला?"

"ओळखीचा एक मोठा माणूस होता. तो अधिकाऱ्याकडे गेला आणि प्रेत मागून घेतलं. नवं कापड आणलं. गुंडाळून खडकातल्या कबरेत ठेवलं. बाया मागोमाग गेल्या होत्या. कुठे ठेवलं, कसं ठेवलं, ते त्यांनी पाहिलं."

"सायबानं दिला?"

"दिला."

तिनं दारातली माती हातानं सारखी केली. मग म्हणाली, "म्हंजे तिला जागा तरी दिसली."

मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आलो होतो, कितीतरी वेळा सांगितली होती. तिच्यात जे प्रेत मागून घेणं आहे, कापड आहे, बायांनी मागोमाग जाणं आहे, त्याकडे मी कधी थांबून पाहिलं नव्हतं. ते दुःखाच्या नंतरचं, उरकायचं म्हणून उरकलेलं असं मला वाटायचं. या बाईला ते सगळं वैभव दिसलं.

तरी मी बोललोच. "मावशी, त्यानं ते सगळ्यांसाठी सोसलं. तुमच्यासाठीही."

"मना म्हाईत नाय," ती म्हणाली. "माज्यासाठी कुनी सोसलं असंल तर त्यानं चांगलं केलं. पन मास्तर, तुमी मोठ्या डाक्तराशी बोलता. इचारा ना, माजा पोर कुठं नेला."

मी डॉक्टरांकडे गेलो. ते टेबलावर डोकं टेकून बसले होते. ऐकून घेतल्यावर म्हणाले, "मास्तर, जिवंत आहेत त्यांचंच मला उरकत नाही. गाडीवाल्याला विचारा."

गाडीवाला दुपारच्या वेळी चिंचेखाली बसलेला सापडला. दारू प्यालेला होता, पण शुद्धीत होता. त्या कामाला दारूशिवाय कोणी उभं राहत नसे.

"त्या पहाटे पुष्कळ होते," तो म्हणाला. "चादरीत गुंडाळलेले देतात. नाव कोण सांगतंय? आम्ही नेतो. लाकडं कमी, म्हणून एका चितेवर दोन. कोण कुठला ते मला नाही सांगता यायचं."

"तरणा होता. अंगानं मजबूत. होडीवरचा."

त्यानं खरंच आठवून पाहिलं. मग मान हलवली. "मला आठवतंय असं म्हटलं तर खोटं होईल, मास्तर."

मी त्याच्याकडून जागा विचारून घेतली आणि चालत गेलो. बंधाच्या कडेला, खाडीच्या काठानं, काळ्या पडलेल्या जमिनीचे मोठमोठे डाग होते. काही जुने, काही नवे. एका ठिकाणी अजून धूर निघत होता. मी एका डागाकडून दुसऱ्याकडे गेलो, जणू कुठे खूण सापडणार होती. ऊन रणरणत होतं. येताना मनात आलं, सरळ सांगावं की अमुक जागी, झाडाखाली. तिला कुठे जाऊन पाहायचंय? पण मी झोपडीपाशी पोचलो, ती माझ्याकडे बघू लागली, आणि मला ते जमलं नाही.

"जागा पाहिली, मावशी," मी म्हटलं. "खाडीच्या काठाला आहे. पण पुष्कळ जण तिथे आहेत. त्याची कुठली ते कोणाला सांगता येत नाही."

तिनं विचारलं, "भरतीचं पानी येतं तिथवर?"

"मोठ्या भरतीला येत असेल. चिखलाच्या खुणा होत्या."

"मंग गेला तो खाडीत," ती म्हणाली. "खाडीतच सारा जनम गेला त्याचा." आणि त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली. मी उठून गेलो नाही.

त्यानंतर ती संध्याकाळी माझं वाचन ऐकायला येऊन बसू लागली. मागे, एका कडेला. तिला त्या आईचंच ऐकायचं असे. पुढं ती कुठं राहिली? किती जगली? तिला सांभाळलं का त्या मित्रानं? पुस्तकात फारसं काही लिहिलेलं नाही, असं मी सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. आईचं पुढं कोण लिहितं, असा तिचा चेहरा होता.

एके दिवशी मी पुनरुत्थानाचं सांगितलं. तिसऱ्या दिवशी पहाटे बाया कबरेकडे गेल्या आणि तो उठला होता. मला थोडी भीती वाटत होती तिला हे ऐकवायची. वाटलं, ती म्हणेल, माझा का नाही.

ती म्हणाली, "आला परत? बरं झालं. कुना आयचा का असंना, पोर परत आला म्हंजे बरं झालं."

थोड्या वेळानं म्हणाली, "माज्याचा उद्या दहावा हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला बोलावलं. आपल्या वाटणीच्या तांदळातून राखलेले मूठभर तांदूळ तिनं शिजवले होते आणि पळसाच्या पानावर त्याचा गोळा करून ठेवला होता. वर तीळ नव्हते, काही नव्हतं. नुसता भात.

"मना भाएर सोडत नाय," ती म्हणाली. "तुमी जाता येता. खाडीला सोडा. हात जोडू नका, तुमचा देव येगळा हाय. नुसतं पान सोडा."

मी उपदेशक होतो. असल्या गोष्टी सोडा असं लोकांना सांगायचं, हे माझं काम होतं. मी तिथे पुष्कळ विचार केला असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण मी विचार केला नाही. फार थकलो होतो, आणि पान गरम होतं. मी ते दोन्ही हातांत धरलं आणि निघालो.

काठाला पोचेपर्यंत ऊन चढलं. ओहोटी होती. पाणी दूर गेलेलं, मधे नुसता चिखल. मी धोतर खोचून जाता येईल तितका आत गेलो आणि चिखलावर पान ठेवलं. काय म्हणावं ते सुचेना. आमच्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. त्यांच्यात काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "हे तुझ्या आईनं पाठवलंय." मग मागे फिरलो आणि बंधावर एका खुरट्या झाडाच्या सावलीला बसलो, पाणी येईपर्यंत थांबावं म्हणून.

तिथे मला झोप लागली. आमची मुलगी गेल्यापासून मला अशी झोप लागली नव्हती. डोळे उघडले तेव्हा ऊन कललेलं होतं, पाणी बंधाच्या पायथ्याशी आलं होतं आणि पान कुठेच दिसत नव्हतं. पान तरंगत गेलेलं मला बघायचं होतं, कारण तिनं ते विचारलं असतं. परत येताना मला त्या बागेतली गोष्ट आठवली. शत्रूंनी पकडण्याआधी प्रभू रात्री प्रार्थना करत होता, त्यानं शिष्यांना जागं राहायला सांगितलं होतं, आणि ते झोपले. एका शुभवर्तमानात लिहिलं आहे की ते दुःखानं झोपले. लहानपणापासून मला त्या शिष्यांचा राग यायचा.

तिला मी खरं ते सांगितलं. पान ठेवलं, पाणी आलं, आणि मी मधे झोपलो.

"झोपा," ती म्हणाली. "तुमचं बी कुनी गेलंय ना?"

मी तिला माझ्या मुलीचं कधीच सांगितलं नव्हतं. "कशावरून?" मी विचारलं.

"माज्या पोराला तुमी कुशीवर निजवायचा," ती म्हणाली. "तुमची वाकलेली पाठ दिसायची ना हतून, दारातून."

ऊन वाढलं तसा रोग ओसरू लागला. छावणी रिकामी झाली. तिला तिच्या गावाकडे जाणाऱ्या गाडीत बसवून दिलं आणि काही दिवसांनी मलाही सोडलं. कल्याणच्या स्टेशनावर मला उघडं करून काखा तपासल्या आणि मग ठाण्याला जाऊ दिलं. घरी आलो. बायकोनं दाराबाहेरच पाणी ठेवलं होतं. मी अंघोळ केली, जेवलो, झोपलो. दोन दिवस झोपूनच होतो.

त्याच आठवड्यात उत्तम शुक्रवार, प्रभूला खिळलं तो दिवस, आला. पाळकांचा आवाज बसला होता, म्हणून त्यांनी मला बोलायला सांगितलं. त्या दिवसाचं बोलणं ठरलेलं असतं. आपली दुःखं किती लहान, त्याचं किती मोठं. मी ते पुष्कळदा बोललो होतो. त्या दिवशी उभा राहिलो, बागेतला भाग वाचला, आणि म्हटलं की ते शिष्य आळशी नव्हते. दुःखानं माणूस थकतो, इतका थकतो की ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्यासाठीही त्याला जागं राहवत नाही. प्रभूनं त्यांना उठवलं, का झोपलात असं विचारलंही, पण टाकून दिलं नाही. याहून मला आज काही सांगता येत नाही. आणि मी बसलो. लोकांना वाटलं मला बरं नाही.

बाहेर पडल्यावर पाळक माझ्याबरोबर तळ्यापर्यंत चालत आले.

"तुलना केली नाहीत तुम्ही," ते म्हणाले.

"नाही."

"माझी पहिली बायको गेली तेव्हा मला कोणीतरी तसं सांगितलं होतं. मला त्या माणसाचा इतका राग आला की वर्षभर मी त्याच्याशी बोललो नाही." ते दम खायला थांबले. "मग मीच पाळक झालो आणि मीच ते सांगायला लागलो. दुसरं काही सांगता येत नाही म्हणून."

मी त्यांना खाडीवरच्या भाताचंही सांगितलं. ते तळ्याच्या काठाला टेकले. मग म्हणाले, "मला हल्ली एका कानानं कमी ऐकू येतं. हे मी ऐकलं नाही."

त्या संध्याकाळी बायकोनं आपणहून विचारलं, "ती छावणीतली बाई कोण?" जागेपणी मी बाईचं काही बोललो नव्हतो, पण त्या दोन दिवसांत झोपेत 'मावशी, मावशी' असं बडबडलो होतो. मी सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासून. ती चुलीपुढे बसून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तिला घेऊन या एकदा."

मी गेलो. दिव्याला गाडीतून उतरून मिठागरांच्या बंधाबंधानं तासभर चालत. प्लेगच्या घरात ऊन यावं म्हणून तिच्या झोपडीचं छप्पर सरकारी माणसांनी काढून टाकलं होतं, आणि ती वर चढून एकटीच पेंढ्यानं शाकारत होती. मी निरोप सांगितला. "ईन," ती वरूनच म्हणाली. "ह्या कामातून मोकळी झाली की ईन."

ती आली ते पावसाच्या तोंडावर. हातात सुक्या मासळीची, जवळ्याची, पुरचुंडी. बायकोनं तिला आत घेतलं, पाणी दिलं. मग बायको म्हणाली, "चला, तुम्हाला दाखवते." आणि डोक्यावरून पदर घेऊन निघाली. मी मागून गेलो.

आमच्या दफनभूमीत मुलीची कबर भिंतीच्या कडेला आहे. बायको दर रविवारी जायची, पण एकटी. मला कधी बोलावलं नव्हतं. त्या दोघी तिथे जमिनीवर बसल्या. बाईनं मातीवर हात ठेवला.

"किती वरसांची व्हती?"

"सहा."

"काय खायला आवडायचं तिला?"

हे आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. ना पाळकांनी, ना मंडळीतल्या कोणी, ना मी माझ्या बायकोला. बायको सांगू लागली. कच्च्या चिंचेला मीठ लावून चोखायची. भाताची करपलेली खरपुडी मागायची. भांडी घासताना पाठीवर येऊन पडायची. काही गोष्टी मलाही माहीत नव्हत्या. मी भिंतीला टेकून उभा होतो. बायको इतकं बोलली की तिचा घसा बसला.

मग ती बाई म्हणाली, "बाय, मी हतं कवा कवा येऊन बसू? माज्याला जागा नाय."

"बसा ना," बायको म्हणाली.

त्यानंतर ती येत राहिली. महिन्या-दोन महिन्यांनी, मीठ विकायला येणाऱ्यांबरोबर. ख्रिस्ती कधी झाली नाही, आणि मीही पुन्हा तो विषय काढला नाही. मंडळीत कुजबुज झाली की एक हिंदू बाई कबरेवर फुलं ठेवते, भात ठेवते. जुने पाळक होते तोवर कोणी पुढे आलं नाही. नवे आले, त्यांनी घरी येऊन विचारलं. माझी बायको म्हणाली, "तिथे तिचा मुलगा आहे." ते माझ्याकडे बघू लागले. मी काही खुलासा केला नाही.

आमचं घर पूर्वीसारखं झालं असं नाही. पण बायको जवळा फार चांगला करायला शिकली, आणि ती बाई आली की त्यात कांदा किती घालायचा यावरून दोघींची बोलाचाली व्हायची. मी ओटीवर बसून मुलांच्या पाट्या तपासत ते ऐकायचो.

शेवटी आली तेव्हा तिचे पाय सुजलेले होते. "आता चालवत नाय," ती म्हणाली. आम्ही तिला राहा म्हटलं. "माजं घर हाय," ती म्हणाली. मी तिला स्टेशनापर्यंत पोचवलं. वाटेत दोनदा बसावं लागलं. पुढे आम्ही तिच्याकडे जाऊ जाऊ म्हणत राहिलो. पाऊस होता, मग शाळा होती, मग बायकोचे गुडघे. गेलो नाही.

पुढच्या हिवाळ्यात मीठवाला आला तेव्हा मी चौकशी केली. "ती गेली की," तो म्हणाला. "पावसातच गेली."

मी आत जाऊन बायकोला सांगितलं. तिनं विचारलं, "चहा ठेवू का?" आणि चूल न पेटवताच बराच वेळ तिथे बसून राहिली.